मूळ कापून पाठवलेल्या सात्या

सात्या धुवायच्या त्या उताण्या. छत्रीची टोपी खाली, चुण्या वर, आणि पाणी असं हवं की तळाचा खडा न् खडा दिसावा. हे मला लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका म्हातारीने शिकवलं. माझं माहेर नेरकडचं, कापसाच्या सपाट काळ्या रानातलं. तिथे नदी म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसणारा पूल. तिथून उठून मी ढाणकीच्या पलीकडे, जंगलाला चिकटलेल्या या गावात आले, आणि पहिल्याच श्रावणात म्हातारीने माझ्या हातात टोपलं देऊन मला नदीत गुडघाभर पाण्यात उभं केलं.

वारुळावर उगवणाऱ्या अळंबीला आमच्याकडे सात्या म्हणतात. खऱ्या सात्याला लांब मूळ असतं, वारुळाच्या पोटात वीतभर, कधी हातभरही गेलेलं. काडीने उकरत उकरत ते सबंध काढायचं आणि मुळासकट घरी आणायचं. ज्याला मूळ नाही ते आपलं नाही. ही झाली पहिली परीक्षा. दुसरी नदीत. सात्याची एक सावत्र बहीण असते, तीही पांढरी, तीही देखणी, वारुळाच्या आसपास गवतात उगवते. कोवळी असताना तीही दुधासारखी पांढरी. मग टोपीखालच्या चुण्या हळूहळू हिरवट व्हायला लागतात, ओल्या मुगासारख्या. हातात धरली तर कळत नाही. नितळ वाहत्या पाण्यात उताणी धरली, माती निघून गेली, वरून ऊन पडलं, की तो रंग लपत नाही. ती खाल्ली तर माणूस सहसा मरत नाही म्हणतात, पण आतडी बाहेर येतील इतक्या उलट्या होतात, आणि लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याचा काही नेम नाही. म्हणून पोडावरच्या बाया एकमेकींची टोपली पाहत. दोघींच्या नजरेखालून गेल्याशिवाय सात्या चुलीवर जात नसत.

तेव्हा नदी फक्त सात्या धुवायलाच लागत होती असं नाही. पैनगंगेला मिळणारी ही लहानशी नदी जंगलातून यायची. पूर आला तरी दुसऱ्या दिवशी निवळायची. काठच्या ओलीत धोप्याची म्हणजे अळूची पानं, दगडांखाली खेकडे, पाणी ओसरलं की झिंगे, उन्हाळ्यात रेतीत डांगरं. रेतीत हातभर झिरा खणला की प्यायचं पाणी. बाजाराच्या दिवशी पिशवी रिकामी राहिली तरी आठवडा निघायचा. मला सुरुवातीला या सगळ्याची लाज वाटायची, खरं सांगते. माहेरी कळवताना मी भाज्या बाजारातून आणते असं सांगायचे. पुढे चटक लागली, आणि मग मीच बाकीच्यांना शिकवायला लागले. माणसाला आपली अक्कल मिरवायला फार वेळ लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी वरच्या टेकडीवर मुरूम खोदायला सुरुवात झाली. रस्त्यासाठी. टेकडीचं अर्धं अंग सोलून काढलं आणि उरलेली माती तशीच उतारावर सोडून दिली. पहिल्या पावसात ती नदीत आली. तेव्हापासून पावसाळाभर नदी चहासारखी लाल वाहते. आधी झिंगे गेले, मग खेकडे, मग पाणी प्यायला येणारी भेकरं या बाजूला दिसेनाशी झाली. मी ग्रामसभेत उभी राहून बोलले. मला विचारलं, बाई, रस्ता नको का? रस्ता मलाही हवा होता, हेच तर दुखणं. खाली बसले.

आता माझ्या विहिणीबद्दल सांगते. आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. माझी लेक ढाणकीत दिलेली, विहारामागच्या गल्लीत. घर चांगलं, माणसं चांगली, विहीणही चांगलीच, फक्त तिची जीभ तिखट आणि माझीही गोड नाही. आमच्या गावात एक रीत आहे, हंगामातल्या पहिल्या सात्या लेकीच्या घरी जातात. मागच्या वर्षी मी रीतसर मुळासकट टोपली पाठवली होती, ओल्या मातीसह, पळसाच्या पानांत बांधून. विहिणीने ती चार पाहुण्यांसमोर उघडली आणि म्हणाली, "ईनबाईनं भाजी पाठवली का वावर?" सगळे हसले. माझी लेकही हसली. लेकीनेच मला फोनवर सांगितलं, हसत हसत. मीही हसले, आणि वर्षभर ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीच्या तुकड्यासारखं सलत राहिलं.

यंदा सात्या निघाल्या तेव्हा मी ठरवलं होतं की पाठवायच्या तर अशा, की तिला बोट ठेवायला जागा राहू नये. सकाळी लवकर गेले. मोठ्या वारुळावर छान फुलोरा होता, आणि बाजूच्या गवतातही पांढऱ्या टोप्या होत्या. उकरत बसायला वेळ नव्हता. आठ वाजताची काळीपिवळी गाठायची होती. भराभर हाताने मोडून घेतल्या. नदीवर गेले, नदी लाल. घरी आले, बादली भरली. नळाचं पाणीही त्याच नदीचं, गढूळच, पण निदान वरवरची माती तरी निघते. सुरीने देठ सरळ कापले, एकसारखे. टोप्या वर करून स्टीलच्या डब्यात रचल्या, वर फडकं. लग्नातल्या रुखवतात ठेवाव्यात अशा दिसत होत्या. डबा गाडीवाल्याच्या हाती दिला, विहिणीच्या घरी पोहोचवायला सांगितलं, आणि घरी येऊन समाधानाने चहा केला.

साडेदहा-अकराच्या सुमारास ओसरी झाडताना कापलेल्या देठांचा ढीग पुढ्यात आला. मी तो केरसुणीने लोटणार, तेवढ्यात हात थांबला. काही देठांची टोकं निमुळती होती, खाली जाता जाता मोडलेली. ती वारुळाची. काही मात्र खाली गोल होती, लसणाच्या गड्डीसारखी फुगलेली. त्यांना मूळ नव्हतंच. मी मोडलं म्हणून नाही, तर मुळात नव्हतं.

घरासाठी दोन-तीन टोप्या चाळणीत ठेवल्या होत्या. त्यातली एक उचलली, उलटी केली. पांढरी दिसली. मग एकदम आठवलं, माठात तुरटी फिरवून निवळलेलं पाणी होतं. पांढऱ्या ताटात ते ओतलं, छत्री त्यात उताणी धरली, आणि दारात उन्हात नेली. चुण्यांवर हिरवी झाक होती. दुसरी धरली, ती पांढरीशुभ्र. पुन्हा पहिली धरली. हिरवीच.

हे ताट आणि हे पाणी सकाळीही घरातच होतं. पाच मिनिटांचं काम होतं.

फोन ओट्यावर पडला होता. तो उचलून विहिणीला फोन लावायचा आणि म्हणायचं, ईनबाई, डब्यातलं फेका. एवढंच. मी फोन उचलला आणि परत ठेवला. आता हे लिहिताना मला स्वतःची चीड येते, पण तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लपवून उपयोग नाही. मला ती चार पाहुण्यांसमोर बोलताना ऐकू येत होती: मागच्या वर्षी वावर पाठवलं, यंदा जहर पाठवलं. मी स्वतःला समजावलं की डब्यात तसली नसेलच, जी होती ती नेमकी माझ्या चाळणीत राहिली असेल. मग समजावलं की लेक धुताना पाहीलच, तिला मी लहानपणापासून शिकवलंय. मग म्हटलं, सात्या ते संध्याकाळी करतील, दुपारी कोण करतं. चाळणीतल्या सगळ्या पुन्हा पाण्यात धरून पाहिल्या, जणू त्यांच्याकडे पाहिल्याने डब्यातल्या बदलणार होत्या. अंगण दोनदा झाडलं. पुन्हा आत आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास उलटून गेला होता.

आणि तेव्हा आठवलं की लेक घरी नाही. ती अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला उमरखेडला गेली होती, कालच बोलली होती मला. जावई नांदेडला कामाला, शनिवारी येतात. म्हणजे घरात विहीण आणि माझी चार वर्षांची नात. दोघीच.

विहिणीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. पुन्हा लावला. चार वेळा लावला. लेकीचा फोन बंद येत होता. नवरा वावरात, आणि त्याचा फोन खुंटीला टांगलेल्या सदऱ्यात. मी ती हिरवट छत्री प्लास्टिकच्या पन्नीत घातली, पदर खोचला आणि फाट्याकडे पळत सुटले.

फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणारे चाचा आहेत. गावातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून जातात. ते टायर पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत बसले होते. मी म्हटलं, ढाणकीला आत्ता न्या, लगेच. त्यांनी हात फडक्याला पुसत विचारलं, "कोन बिमार हाय, भाभी?"

"अजून कोनी नाही," मी म्हटलं.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मोटारसायकल काढली, गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं. नव्या रस्त्यावरून गाडी सुसाट निघाली. मुरुमाचा तोच रस्ता. पूर्वी या वाटेला दीडपट वेळ लागायचा. मागे बसून मी फोन लावत होते, वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं, फक्त पडद्यावरचं नाव दिसत होतं आणि मग विझत होतं. मला वारंवार एकच चित्र दिसत होतं: नात पाटावर बसलीय, समोर वाटी. ती खायला लागली की मान वर करत नाही, माझ्यासारखी. मी त्या रस्त्यावर मनातल्या मनात विहिणीची माफी मागितली, शिवीही दिली, फोन उचलत नाही म्हणून.

गल्लीत शिरलो तेव्हा दार उघडं होतं. विहीण ओट्याजवळ पाटावर बसलेली, भिंतीला टेकून, हातात सुपारी आणि अडकित्ता. मला पाहून ती उठायला लागली, पाहुणचाराच्या सवयीने. मी चप्पलही न काढता आत गेले.

"खाल्ल्या काय?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"कायले इतक्या हापून राह्यल्या? बसा तरी."

"सात्या खाल्ल्या काय, ईनबाई? पोरीनं खाल्ल्या काय?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली की तिने खाल्ल्या, पोरीने नाही. पोरगी आत झोपली आहे, सकाळी दूध-पोळी खाल्ली आहे. मी आत जाऊन पाहिलं. नात गोधडीवर आडवी पडलेली, पायातलं एक पैंजण निघून बाजूला. मी तिच्या नाकाशी बोट धरलं. ओठ हुंगले. दुधाचा वास आला. माझ्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं.

बाहेर येऊन मी पन्नीतली छत्री दाखवली आणि जे होतं ते सांगितलं. सगळं नाही. डब्यात हिच्या बहिणी असतील, एवढं सांगितलं. गॅसवरच्या गंजातली भाजी मोरीत ओतली. विहीण रागावली. तिला काहीच झालेलं नाही, चांगलं अन्न फेकून राह्यली, सकाळी एवढी सजवून पाठवली तेव्हा अक्कल कुठे गेलती, असं ती बोलत होती आणि मी ऐकत होते. बोलता बोलता तिच्या कपाळावर घाम आला. तिने पदराने पुसला. पुन्हा आला. मग ती अडकित्ता खाली ठेवून मोरीकडे धावली.

चाचा अजून गल्लीच्या तोंडाशी थांबलेले होते, देव त्यांचं भलं करो. ते ऑटो घेऊन आले. नातीला कडेवर घेऊन, विहिणीला दंडाला धरून मी दवाखान्यात नेलं. रस्त्यात ऑटोत दोनदा उलटी झाली. तिच्या अंगाला कापरं भरलं होतं आणि ती मला पकडून होती, इतकी घट्ट की तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या. डॉक्टर तरुण होते. मी पन्नी पुढे केली तेव्हा त्यांनी छत्री नीट उलटवून पाहिली, किती वाजता खाल्ली, किती खाल्ली, आणखी कोणी खाल्ली, असं विचारलं. किती वाजता, या प्रश्नाला विहिणीने उत्तर दिलं. साडेअकराच्या जरा नंतर. मी मान खाली घातली. मी ओट्यावरून फोन उचलून परत ठेवला तेव्हा ती अजून जेवायला बसली नव्हती.

सलाईन लावलं. दुपार फार लांबली. उलट्या थांबेनात, मग पाण्यासारख्या व्हायला लागल्या, मग नुसते उमासे. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. एकदा तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले, आणि ते बराच वेळ उघडले नाहीत. मी तिच्या छातीकडे पाहत बसले, ती वर जाते की नाही. नात माझ्या मांडीवर बसून विचारत होती, आजीले काय झालं. मी सांगितलं, पोट दुखते. तिने आजीच्या पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून झोपली.

चार वाजायच्या सुमारास उमासे थांबले. पाच वाजता तिने घोटभर पाणी मागितलं आणि ते पोटात राहिलं. डॉक्टर येऊन नाडी पाहून म्हणाले, धोका टळला, आजची रात्र इथेच ठेवू. लेकीचा फोन लागला होता, ती उमरखेडहून निघाली होती. खाटेपाशी आम्ही दोघीच होतो, आणि मध्ये झोपलेली नात.

मी विचारलं, पोरीला कशी नाही दिली? तिला तर सात्या आवडतात.

विहीण छताकडे पाहत बोलली. आवाज अगदी बारीक झाला होता. "रानातलं नवं खानं लेकराले आधी देतेत काय? आमच्या मायनं असं शिकवलं नाही. घरातल्या मोठ्या बाईनं आधी खावं, संध्याकाळलोक वाट पाहावी, मंग लेकराले." ती थांबली. "म्या पन नदीवरच्याच गावची हाय, ईनबाई. तुमाले वाटते का मी डांबरावर जन्मली?"

वर्षभर मी या बाईला जंगलाचं काही कळत नाही असं समजत होते. वावर म्हणून हसली ती हसली; पण मूळ पाहायला मिळालं असतं तर तिनेच पहिल्या नजरेत ओळखलं असतं. मूळ मी कापून टाकलं होतं, तिच्यापुढे नीटनेटकं दिसावं म्हणून.

मग मला राहवेना. मी तिला सकाळचा तो अर्धा तास सांगितला. ताट, तुरटीचं पाणी, हिरवी झाक, उचलून परत ठेवलेला फोन, दोनदा झाडलेलं अंगण, सगळं. तुम्ही हसाल म्हणून फोन केला नाही, असं सरळ म्हटलं. ती ओरडेल, हात झटकेल, लेकीला सांगेल, जे करेल ते योग्यच असेल, अशी मी तयारी करून बसले होते.

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "फोन माह्या बाजूलेच होता."

मला कळलं नाही.

"वाजला तवा पाह्यला म्या. पहिलीच वाटी घेतली होती. तुमचं नाव दिसलं. म्हटलं, आता तारीफ आयकाले फोन केला असन. कशा लागल्या, साफ होत्या का, विचारन. अन् लागल्या होत्या चांगल्या. ते तुमाले सांगावं लागन म्हनून नाही उचलला." तिने डोळे मिटले. "वाजत राह्यला, अन् मी खात राह्यली. दुसरी वाटी बी घेतली."

आम्ही दोघींनी एकाच वेळी मध्ये झोपलेल्या पोरीकडे पाहिलं. विहिणीने आपल्या मायचं ऐकलं नसतं, एक घास लाडाने भरवला असता, तर काय, हे आमच्यापैकी कोणीच बोललं नाही. लेक आली तेव्हा विहिणीने तिला सांगितलं की एखादी खराब निघाली असेल, पाऊसपाण्याचे दिवस आहेत. मी मान डोलावली. आजवर लेकीला एवढंच माहीत आहे.

नदी अजून लालच आहे. मी आता सात्या कोणाला पाठवत नाही, आणि गावातल्या बायांना तुरटीचं पाणी आणि पांढरं ताट दाखवते, तेव्हा कोणी विचारलं की तुम्हाला हे कसं सुचलं, तर विषय बदलते. तो बदलून बदलून कंटाळा आला म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिण्याआधी ढाणकीला जाऊन विहिणीला विचारलं. लेक वाचेल, मी म्हटलं. तिला कळेल की तिच्या आईने आणि सासूने मिळून तिच्या लेकराचा जीव टांगणीला लावला होता, आणि तोही एकमेकींपुढे मान खाली जाऊ नये म्हणून.

विहीण सुपारी कातरत होती. कातरून झाल्यावर अर्धी तिने मला दिली.

"लिहा," ती म्हणाली. "पन तुमचा अर्धा तास आधी लिहा. माहा फोन मंग."